'स्लो बर्न'ला मराठीत काय म्हणावं? धुमसणं, मंद आच की दम?

लातूर : एका इंग्रजी फँटसी-प्रेमकादंबरीवर टिपण लिहायलेय. राजकन्या, तिच्या राज्यावर चालून आलेला सेनापती, शाप, जादू. 38 प्रकरणं आहेत आणि हातात हात येतो थेट 24व्यात. वाचक याला 'स्लो बर्न' म्हणायलेत. मी 'धुमसणारं प्रेम' लिहिलं, तर वाचणारीनं खोडलं : "धुमसतो तो राग." मग काय लिहावं?

परभणी : खोडलं ते बरोबरच. लाकूड ओलं असलं किंवा चुलीला हवा कमी पडली की ते धुमसतं; जाळ नाही, नुसता धूर. माणूस अपमानानं धुमसतो. दोघं वैरी असतात त्या सुरुवातीच्या प्रकरणांपुरता शब्द चालेल, पुढे नाही. 'मंद आच' घ्या. आच हा आपला जुना शब्द, संस्कृत अर्चिस्, प्राकृत अच्चि.

नांदेड : लोकांच्या तोंडी 'स्लो बर्न' आहे, तोच देवनागरीत लिहा. टेबलला कुणी प्रतिशब्द शोधत बसतं का?

परभणी : टेबल ही वस्तू आहे, ती नावासकट आली. हळूहळू तापणं इथं आधीपासून आहे, त्याला आपले शब्दही आहेत. ते असताना उसनं कशाला?

बीड : ताई, 'वैलावरचं प्रेम' लिहा. चुलीच्या मुख्य तोंडात लाकडं घालतात. आतल्या भोकातून धग शेजारच्या तोंडाला, म्हणजे वैलाला, जाते. वैलात लाकूड घालत नाहीत. तिथं दूध, वरण ठेवतात. उतू जात नाही, करपत नाही, निवतही नाही. या कादंबऱ्यांची रचना अशीच असते. युद्ध, शाप, गादीचं भांडण हा मुख्य जाळ, प्रेम त्याच्या धगीवर. म्हणूनच कित्येक कादंबऱ्या निम्म्यात निवतात : लेखिका शाप लवकर उतरवते, लाकडं ओढून घेतल्यासारखं होतं, आणि वैल गार पडतो. मग वाफ टिकवायला गैरसमज घालतात, तोही एका वाक्यात मिटणारा. तिथं वाचक चिडतो, आणि चिडायलाच पाहिजे.

हिंगोली : आमच्याकडे त्याला 'अवल' म्हणतात. वैल म्हटलं तर इकडच्या निम्म्या लोकांना कळणार नाही.

छत्रपती संभाजीनगर : दम का नको? हंडीचं तोंड कणकेनं लिपायचं, खाली मंद निखारे, झाकणावरही निखारे, वीस-पंचवीस मिनिटं हात लावायचा नाही. मध्येच झाकण उघडलं की वाफ जाते आणि तळाचा भात लागेपर्यंत वरचा कच्चाच राहतो. पाचव्या प्रकरणात चुंबन घालून पुढची तीस प्रकरणं 'आता कळेल, मग कळेल' करणाऱ्या कादंबरीचं हेच होतं. फारसीत दम म्हणजे श्वास. 1948पर्यंत निजामाच्या कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे मराठवाड्याला हा शब्द परका नाही.

परभणी : संस्कृतातही दम आहे, आवर घालणं या अर्थानं, शम-दम त्यातलाच. 'दम धर'मध्ये मला तोच ऐकू येतो.

छत्रपती संभाजीनगर : 'दम लागला', 'दम टाकला' यात तर श्वासच आहे. एकाच आवाजाचे दोन शब्द आहेत, एकाला दुसऱ्याच्या पोटात घालू नका.

धाराशिव : शब्द कुठलाही घ्या, टिपणात उतारे देणार असाल तर खरी आच सर्वनामात आहे. इंग्रजीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच 'यू'. मराठीत सेनापती राजकन्येला 'आपण' म्हणेल, ती त्याला तुच्छतेनं 'तू' म्हणेल. पुढे मान वाटू लागला की ती 'तुम्ही'वर येईल, आणि जवळीक झाल्यावर दोघं 'तू'वर. म्हणजे तिच्या तोंडी 'तू' दोनदा येतो, आणि दोन्हींचा अर्थ उलटा. अनुवादक तिसऱ्या प्रकरणातच दोघांना अरेतुरेवर आणतात आणि 24व्या प्रकरणासाठी हातात काही उरत नाही. आधी प्रत्येक प्रसंगापुढे कोण कुणाला काय म्हणतं ते लिहून काढा. बदल एकाच वाक्यात, भर बोलण्यात होऊ द्या. 'तिला जवळीक वाटली' असं वर सांगू नका.

लातूर : हे फार उपयोगी पडलं. पण शीर्षकात काय लिहू? 'मंद आच' लिहिलं तर पाककृती वाटेल का?

नांदेड : वाटेल. स्लो बर्न लिहा.

बीड : हिंगोलीकर, तुमच्या अवलाला आतून भोक असतं, की दोन्ही तोंडांना वेगळा जाळ घालतात? वेगळा जाळ असेल तर ती जोडचूल झाली, वैल नव्हे.

हिंगोली : भोक असतंच. मातीची चूल घालतानाच मडक्याची खापरी लावून वाट ठेवतात. वाट चार बोटांहून मोठी झाली तर अवलावरचं दूध उतू जातं.