तबला लावला की तानपुरा बंद पडतो, आणि आवाजाचा स्लायडर पण विचित्र चालतोय

सूरकोडर:
नमस्कार मंडळी. मी मूळचा बॅकएंडवाला, अँड्रॉइडमध्ये नवखा आहे. बायको गाणं शिकते तिच्यासाठी रियाजाचं एक छोटं ॲप करतोय कोटलिनमध्ये, एका फाइलमध्ये तानपुरा आणि दुसऱ्यात तीनतालाचा ठेका, दोन्हीचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता यायला हवा, एवढंच. मीडिया३ या अँड्रॉइडच्या लायब्ररीतले दोन एक्झोप्लेअर (फाइल वाजवणारे तयार प्लेअर) घेतलेत. आता गंमत बघा, तानपुरा मस्त चालू असतो आणि तबल्याचं बटण दाबलं की तानपुरा गप्प. एरर नाही, क्रॅश नाही, लॉगमध्ये पण काही नाही. तानपुरा परत लावला तर तबला थांबतो. सासू-सुनेसारखं झालंय.

दुसरं म्हणजे स्लायडर. शंभरवरून पन्नासवर आणला तरी फार फरक जाणवत नाही आणि मग शेवटच्या दहा-पंधरामध्ये आवाज एकदम धप्पकन पडतो. स्लायडरची ० ते १ व्हॅल्यू सरळ प्लेअरच्या व्हॉल्यूमला देतोय, चुकतंय कुठे?

आणि तिसरं, लूप फिरताना तानपुऱ्यात बारीकशी उचकी लागते. फाइल एमपी३ आहे.

बगपकड:
पहिल्याचं उत्तर ऑडिओ फोकस, म्हणजे आत्ता आवाज कोणी करायचा याची सिस्टिमकडून मिळणारी पाळी. तुम्ही सेट-ऑडिओ-ॲट्रिब्यूट्समध्ये दुसरा पॅरामीटर (फोकस प्लेअरने स्वतः सांभाळायचा का) ट्रू दिला असणार, बरोबर? त्याचा अर्थ प्रत्येक प्लेअर स्वतंत्रपणे सिस्टिमकडे फोकस मागतो. दोघं एकाच ॲपमधले आहेत याच्याशी सिस्टिमला देणंघेणं नाही, तबल्याने फोकस मागितला की तानपुऱ्याला सांगितलं जातं तुझा गेला, आणि तो शहाण्यासारखा पॉज होतो. म्हणून एरर नाही, सगळं नियमाप्रमाणेच चाललंय :) तबल्याला फॉल्स द्या, काम होईल.

स्लायडरचं म्हणाल तर व्हॉल्यूम ०.५ म्हणजे फक्त ६ डेसिबल कमी. आपल्या कानाला "अर्धा आवाज" वाटायला साधारण १० डेसिबल उतरावं लागतं. स्लायडरच्या व्हॅल्यूचा वर्ग करून द्या, म्हणजे मधोमध ०.२५, १२ डेसिबल खाली. काही जण घन करतात, तेही चालतं, दोन्ही लावून कानाने ठरवा.

खर्ज:
@बगपकड तबल्याला फॉल्स दिलं आणि कोणी नुसता तबलाच लावला तर? तेव्हा ॲपकडे फोकसच नाही, मागे दुसऱ्या ॲपमध्ये गाणं चालू असेल तर दोन्ही एकत्र वाजत बसणार, आणि फोन आला तरी ठेका थांबायचा नाही. दोघांनाही फॉल्स द्या आणि ॲपच्या वतीने एकच ऑडिओ-फोकस-रिक्वेस्ट स्वतः मागा (हा क्लास अँड्रॉइड ८ पासून आहे). तात्पुरता गेला तर दोघांना पॉज, परत मिळाला तर आधी जे चालू होतं तेवढंच परत सुरू, कायमचा गेला तर मुकाट्याने थांबायचं. मॅपवाली बाई मध्येच बोलली तर ८ पासून पुढे सिस्टिम आवाज आपोआप खाली करते, त्यात हात घालू नका.

अजून एक, स्लायडरसाठी कोणी ऑडिओ-मॅनेजरमधून स्ट्रीम-म्युझिकचा आवाज बदलायला सांगेल, ऐकू नका. तो अख्ख्या फोनचा गाण्या-व्हिडिओचा आवाज आहे, त्यात तानपुरा आणि तबला वेगळे करताच येत नाहीत आणि बऱ्याच फोनवर त्याला जेमतेम १५ पायऱ्या असतात. तो माणसाच्या बोटाला, म्हणजे बाजूच्या बटणांना सोडून द्या. फक्त ॲक्टिव्हिटीत (ॲपच्या स्क्रीनच्या कोडमध्ये) सेट-व्हॉल्यूम-कंट्रोल-स्ट्रीमला स्ट्रीम-म्युझिक देऊन ठेवा, नाहीतर अँड्रॉइड ९ च्या आधीच्या फोनवर काही वाजत नसताना बटण दाबलं की रिंगटोनचाच आवाज बदलतो.

उचकीचं: एमपी३ करताना एन्कोडर फाइलच्या पुढेमागे थोडी शांतता चिकटवतो. लूपसाठी वेव्ह किंवा ऑग घ्या. पण नुसतं तेवढ्याने भागणार नाही, तुम्ही फाइल कापलीय कुठे? खर्जाची तार छेडल्यावर तिची आस (मागे घुमत राहणारा नाद) लांबपर्यंत राहते, तिथेच कापली की उचकी लागणारच. पंचमाच्या तारेच्या बरोब्बर आधी कापा, आणि कापल्यानंतर उरलेली शेपटी ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) फेड करून फाइलच्या सुरुवातीवर मिसळा. हे मी तीन रात्री घालवून शिकलोय.

लोकलवाला:
हेडफोनचं विसरू नका राव. मी असंच एक ॲप केलेलं, डब्यात हेडफोनची पिन निघाली आणि भजन फुल आवाजात, सगळा डबा माझ्याकडे बघतोय. सेट-हँडल-ऑडिओ-बिकमिंग-नॉइझी ट्रू करा, दोन्ही प्लेअरना, म्हणजे हेडफोन निघाला की आपोआप पॉज. आणि स्क्रीन बंद झाल्यावर पण वाजायला हवं असेल (रियाजाला हवंच) तर प्लेअर ॲक्टिव्हिटीत ठेवू नका, मीडिया-सेशन-सर्व्हिसमध्ये (स्क्रीनशिवाय मागे चालणाऱ्या भागात) न्या. अँड्रॉइड १४ पासून मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती असलेल्या फाइलमध्ये) सर्व्हिसचा प्रकार मीडिया-प्लेबॅक लिहावा लागतो आणि त्याची वेगळी परमिशन पण.

सूरकोडर:
फोकस स्वतः मागितला, दोन्ही एकत्र वाजतायत!! स्लायडरला वर्ग कमी वाटला, घन लावला, आता छान उतरतो. पंचमाच्या आधी कापायचं बायकोला सांगितलं तर म्हणाली हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. असो. सर्व्हिसचं रविवारी बघतो. आता नवीन फर्माईश, रेकॉर्डिंग पांढरी पाच या पट्टीचं आहे आणि तिच्या मैत्रिणीला काळी चार हवंय. परत रेकॉर्ड करायचं का?

खर्ज:
काळी चार एकच पट्टी वर आहे, तेवढ्यासाठी नको. प्लेबॅक-पॅरामीटर्समध्ये स्पीड १ ठेवा आणि पिच १.०५९५ द्या, काळी चार येईल. त्याच्यावरच्या प्रत्येक पट्टीला परत तेवढ्यानेच गुणायचं. तबल्याला उलटं करा, लय बदलायला स्पीड हलवा, पिचला हात लावू नका. पण तानपुरा दोन-तीन पट्ट्यांपुढे ओढलात तर जवारी (तारांची ती गुंजणारी झणक) पत्र्यासारखी वाजायला लागते, तिथे दुसरं रेकॉर्डिंगच लागेल, वहिनींना विचारा कुठल्या पट्टीपर्यंत चालतंय.