एल्सेव्हिअरनं खरंच गॅलिलिओचं पुस्तक छापलं होतं काय?

बोंडअळी_पीएचडी:
राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा, कपाशीच्या बोंडअळीवर पीएचडी करून राहिलो. काल आमचे सर म्हणे का एल्सेव्हिअर, म्हणजे संशोधनाचे जर्नल (शोधपत्रिका) छापते ते, म्हणजे गॅलिलिओचं पुस्तक छापणारी कंपनी, चारशे वर्षं जुनी. मी नेटवर पाह्यलं तं १८८० लिहून हाय. आता सरले कसं सांगू? अन् लोगोत झाडाखाली बुढा उभा हाय तो कोण?

ग्रंथपाल_वर्धा:
सर अर्धे बरोबर हायेत. पुस्तक छापलं ते लायडनच्या एल्झेव्हिर घराण्यानं, १६३८ साली. गॅलिलिओले १६३३ मध्ये रोममधी धर्मकोर्टानं शिक्षा देल्ली, बुढा घरातच नजरकैदेत, तिकडं छापाले बंदी, मंग हस्तलिखित हॉलंडात गेलं. पण त्या घराण्याचा धंदा १७१२ लेच बंद पडला. आताची कंपनी रॉबर्स नावाच्या माणसानं १८८० मध्ये रॉटरडॅमले काढली अन् नाव वजनदार पाह्यजे म्हणून जुनंच उचललं, नातं ना गोतं! लोगोही त्या घराण्याचाच, एल्मचं झाड, त्याच्यावर द्राक्षाचा वेल अन् बाजूले बुढा. 'नॉन सोलुस' लिहून हाय, लॅटिनमधी म्हणजे 'एकटा नाही'.

तुरीची_डाळ:
नावाचं सोडा ना भाऊ, पैसा कुठून आला ते पाहा. १९५१ मध्ये लंडनमधी रॉबर्ट मॅक्सवेलनं एक लहानशी प्रकाशन कंपनी हातात घेतली, तिचं नाव पर्गमॉन ठेवलं. महायुद्ध झाल्यावर सरकारं विज्ञानावर पैसा ओतून राहिले होते, त्यानं जर्नलवर जर्नल काढले. बजारात तूर महागली तं आपण हरभऱ्याच्या डाळीवर भागवतो, पण जर्नलचं तसं नाई, एकातला पेपर दुसऱ्यात भेटत नाई, म्हणून लायब्ररीले दोन्ही घ्याच लागते. लिहिणारा फुकट, तपासणारा बी फुकट, अन् विकत घेणार पुन्हा त्यायचंच कॉलेज! १९९१ मध्ये एल्सेव्हिअरनं पर्गमॉन ४४ कोटी पौंडाले घेतली. त्याच साली लॅन्सेट हे डॉक्टरीचं जर्नल बी, अन् नोव्हेंबरात मॅक्सवेल यॉटवरून समुद्रात पडून मेला. १९९३ मध्ये इंग्लंडच्या रीड नावाच्या प्रकाशन कंपनीसोबत जुळले.

ग्रंथपाल_वर्धा:
बरोबर. २०१२ मध्ये टिम गॉवर्स नावाच्या मोठ्या गणितज्ञानं एल्सेव्हिअरवर बहिष्कार पुकारला, हजारो लोकायनं सह्या केल्या, तरी धंदा थांबला नाई.

खेड्यातला_मास्तर:
आपल्या सरकारनं आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलं ना, म्हणजे जर्नलचे पैसे सरकारच एकत्र भरते, जानेवारी २०२५ पासून, ३० प्रकाशकांचे मिळून तीन वर्षांचे ६००० कोटी, सरकारी संस्थायसाठी. बुढा एकटा नाई हे खरंच हाय, आपला टॅक्स हाय त्याच्यासोबत.

बोंडअळी_पीएचडी:
लय आभार सगळ्यायचे. सरले 'अर्धं बरोबर हाय' एवढंच सांगतो, थीसिसवर सही व्हायची हाय अजून.