फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअरचा निर्माता नेमका कशामुळे दोषी ठरतो?

मुक्तस्रोत यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिहीत आहोत. मध्ये सर्व्हर न ठेवता संगणकांनी मोठ्या फाइली थेट एकमेकांना द्याव्यात, एवढेच त्याचे काम आहे. उद्या लोक यावरून चित्रपट आणि गाणी फिरवू लागले तर आपण गोत्यात येऊ, असे आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे, तर सर्व्हरच नसल्यामुळे आपला संबंध येतोच कुठे, असे दुसऱ्याचे.

वाद मिटावा म्हणून जुने अमेरिकी खटले वाचायला घेतले, तर गोंधळ वाढलाच. 1984 साली सोनीचा बीटामॅक्स हा व्हिडिओ रेकॉर्डर तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सहीसलामत सुटला. 2001 साली गाणी देण्याघेण्याची नॅपस्टर ही सेवा बंद पडली. फाइल-शेअरिंगचेच ग्रोकस्टर 2003 मध्ये जिंकले, 2004 मध्ये अपिलातही जिंकले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एकमताने हरले. फाइली तुकड्यातुकड्यांनी देण्याघेण्याची बिटटोरंट ही पद्धत मात्र इतक्या वर्षांनंतरही जागच्या जागी आहे. मग न्यायालय पाहते तरी काय? सॉफ्टवेअरची रचना, बेकायदा वापराचे प्रमाण, की आणखी काही? शिवाय कॉपीराइट असलेल्या फाइली अडवणारा फिल्टर न बसवणे हाच दोष मानला जाऊ शकतो का?

न्यायप्रविष्ट:

मुक्तस्रोत, तुम्ही दिलेले हे निकाल एकमेकांच्या विरोधात दिसतात खरे, पण ते ओळीने वाचले तर त्यांतला धागा सापडतो. सुरुवात सोनीपासूनच करावी लागेल. तो खटला पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सुटला होता, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम टेपवर घेऊन सवडीने पाहणे हा रास्त वापर (परवानगीशिवायही कायद्याला चालणारा वापर) आहे, आणि ज्या उपकरणाचा कायदेशीर उपयोग भरीव प्रमाणात होऊ शकतो ते केवळ विकल्याबद्दल विक्रेत्याला ग्राहकाच्या हक्कभंगाचे, म्हणजे कॉपीराइट मोडण्याचे, भागीदार ठरवता येत नाही, असे बहुमताने म्हटले. लहान मुलांच्या कार्यक्रमाचे निर्माते फ्रेड रॉजर्स यांनी तर आपला कार्यक्रम कोणी टेपवर घेतला तर आपली हरकत नाही, अशी साक्ष दिली होती. यात एक गोष्ट गृहीत होती, ती अशी की रेकॉर्डर एकदा दुकानातून बाहेर पडला की सोनीचा आणि ग्राहकाचा संबंध संपला.

नॅपस्टरचा संबंध असा संपत नव्हता. 1999 च्या मध्यावर ती सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संगीत कंपन्यांनी दावा लावला. गाण्याची फाइल एका वापरकर्त्याच्या संगणकावरून दुसऱ्याकडे थेट जात असली, तरी कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची नॅपस्टरच्याच सर्व्हरवर असे. फेब्रुवारी 2001 मध्ये नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे अमेरिकेतील अपील न्यायालयांचा एकेक विभाग) अपील न्यायालयाने सोनीचा नियम मोडीत काढला नाही. तंत्र आहे म्हणून दोष नाही, हे त्याने मान्य केले. पण अमुक गाणी हक्कभंग करून फिरत आहेत हे ठाऊक असताना, आणि ती सूचीतून काढणे हातात असताना न काढणे, हा दोष ठरला. वापरकर्ते चोरीचे संगीत देतघेत असल्याने त्यांची खरी नावे आपल्याला ठाऊक नसलेलीच बरी, अशा अर्थाचा कंपनीचा एक अंतर्गत कागद पुराव्यात होता आणि तो फार महागात पडला.

ग्रोकस्टर ही कंपनी आणि मॉर्फियस हे तसेच सॉफ्टवेअर काढणारी स्ट्रीमकास्ट ही कंपनी यांनी या निकालापासून धडा घेतला, पण अर्धाच. त्यांनी केंद्रीय सूची काढून टाकली. त्यामुळे त्यांना हक्कभंग दिसतही नव्हता आणि थांबवताही येत नव्हता, म्हणून खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्यांना सोडले. 27 जून 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र प्रश्नच वेगळा विचारला: हे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती कोणत्या हेतूने दिले गेले? न्यायमूर्ती सूटर यांनी निकालपत्रात तीन गोष्टी मांडल्या. नॅपस्टर बंद पडणार हे दिसताच त्याचे ग्राहक आपल्याकडे ओढण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी जाळे टाकले होते, हक्कभंग कमी करणारे कोणतेही साधन त्यांनी तयार केले नव्हते, आणि जाहिरातींमधून पैसा मिळत असल्यामुळे वापर जितका जास्त तितकी कमाई जास्त, असा त्यांचा व्यवहार होता. नॅपस्टर पैसे आकारू लागले किंवा न्यायालयाने बंद पाडले तर तुम्ही काय कराल, असे विचारणारी जाहिरात स्ट्रीमकास्टने तयार करून ठेवली होती. हक्कभंगाला उत्तेजन देण्याच्या उद्देशाने वाटलेल्या साधनाची जबाबदारी वाटणाऱ्यावर येते, हा नियम तिथून आला.

तुमच्या प्रमाणाच्या प्रश्नावर मात्र त्या न्यायालयात एकमत झाले नाही. दावा लावणाऱ्यांच्या पाहणीनुसार जवळजवळ 90 टक्के फाइली कॉपीराइट असलेल्या होत्या. न्यायमूर्ती गिन्सबर्ग आणि आणखी दोघांना सॉफ्टवेअरचा कायदेशीर वापर भरीव असल्याचा पुरावा तोकडा वाटला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी याच आकड्याकडे उलट बाजूने पाहिले. सोनीच्या खटल्यात मालकांची परवानगी असलेल्या रेकॉर्डिंगचे प्रमाण 9 टक्क्यांच्या आसपासच होते, मग इथले 10 टक्के कमी कसे, असे त्यांचे आणि त्यांच्याशी सहमत असलेल्या दोन न्यायमूर्तींचे मत होते. उरलेल्या तिघांनी या वादात पडण्याचे टाळले, त्यामुळे तो मुद्दा तिथेच लोंबकळत राहिला. माझ्या मते ते जाणूनबुजून झाले.

जोडणीकार:

कायद्याची बाजू वर नीट आली आहे, म्हणून मी फक्त रचनेविषयी लिहितो, कारण ‘सर्व्हर नाही म्हणजे आपण सुटलो’ हा समज आमच्या क्षेत्रात फार खोलवर रुजला आहे.

नॅपस्टरमध्ये शोध केंद्रातून व्हायचा. ग्नुटेला या केंद्र नसलेल्या जाळ्यात तुमचा शोध शेजारच्या संगणकाला, त्याच्याकडून त्याच्या शेजाऱ्यांना असा पसरत जातो. कझा हे फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअर आणि ग्रोकस्टर ज्यावर चालत त्या फास्टट्रॅक या जाळ्यात वेगवान जोडणी असलेले काही वापरकर्त्यांचे संगणक आपोआप ‘सुपरनोड’ बनून आसपासच्यांची सूची सांभाळत. बिटटोरंटने तर शोधाचे काम स्वतःकडे ठेवलेच नाही. ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये मांडलेल्या या प्रोटोकॉलमध्ये (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांत) फाइलचे तुकडे करणे, प्रत्येक तुकडा तपासणे आणि ज्याच्याकडे जो तुकडा असेल त्याच्याकडून तो मागवणे, एवढेच येते. हवी ती फाइल कशी मिळवायची याची माहिती असलेली छोटी टोरंट फाइल कुठे मिळेल, हे सांगण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी असते.

आता खटले कोणावर झाले ते पाहा. लाइमवायर हे सॉफ्टवेअर ग्नुटेलावर चालत होते, केंद्रीय सूची ठेवत नव्हते आणि त्याचा कोडही खुला होता. तरीही मे 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायाधीश किंबा वुड यांनी त्या कंपनीला हक्कभंगास उत्तेजन दिल्याबद्दल जबाबदार धरले, ऑक्टोबरमध्ये बंदीचा हुकूम निघाला आणि 2011 मध्ये 10.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. ‘हक्कभंगाची माहिती’ अशा नावाची एक फाइल त्या कंपनीच्या दप्तरात निघाली होती. फिल्टरही होता, पण तो मुळात बंद ठेवलेला असे आणि वाटल्यास वापरकर्त्याने चालू करायचा. बिटटोरंटच्या बाबतीत प्रोटोकॉलवर बालंट आले नाही, ते टोरंटच्या याद्या चालवणाऱ्यांवर आले. आयसोहंटविरुद्ध नवव्या सर्किटने मार्च 2013 मध्ये निकाल दिला. स्वीडनमध्ये पायरेट बेच्या चालकांना एप्रिल 2009 मध्ये एकेक वर्षाची कैद झाली आणि पुढे अपिलात ती कमी झाली.

थोडक्यात, मुक्तस्रोत, सर्व्हर नसल्याने तुमच्याविरुद्धचा एक पुरावा कमी होतो, इतकेच. त्यातही सर्व्हर का काढला याचे कारण तुमच्या चर्चेत ‘कोणी पकडू नये म्हणून’ असे लिहिलेले सापडले, तर नसलेला सर्व्हरही तुमच्याविरुद्ध साक्ष देईल.

आडवळण:

वरच्या दोन्ही प्रतिसादांत हेतूची कसोटी जणू सरळसोट असल्यासारखी मांडली आहे. मला ती तितकी निरुपद्रवी वाटत नाही. हेतू शोधायचा म्हणजे ईमेल, संदेश, पत्रके यांची चाळणी करायची, आणि ती चाळणी खटला उभा राहिल्यावर होते. मोठ्या कंपनीला तो खर्च पेलतो. एकट्या प्रोग्रामरला खटला जिंकूनही हरल्यासारखेच होते.

जपानचे उदाहरण पाहा. टोकियो विद्यापीठात काम करणाऱ्या इसामू कानेको यांनी 2002 मध्ये विन्नी हे सॉफ्टवेअर एका सार्वजनिक चर्चाफलकावर निनावी राहून प्रसिद्ध केले. कॉपीराइट मोडणाऱ्या फाइली यावर देऊ-घेऊ नयेत, असा इशारा ते स्वतः देत होते. मे 2004 मध्ये त्यांना हक्कभंगाला साहाय्य केल्याच्या आरोपावरून अटक झाली, आणि हा फौजदारी खटला होता, नुकसानभरपाईचा दावा नव्हे. डिसेंबर 2006 मध्ये क्योतो जिल्हा न्यायालयाने 15 लाख येन दंड ठोठावला. 2009 मध्ये ओसाका उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आणि डिसेंबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सोडणे कायम केले. गैरवापर होऊ शकतो एवढे ठाऊक असणे पुरेसे नाही. प्रत्यक्ष होऊ घातलेला हक्कभंग, किंवा दुर्लक्ष करता येणार नाही इतके लोक तो करण्याची दाट शक्यता, निर्मात्याने ओळखून स्वीकारलेली असली पाहिजे, असे ते न्यायालय म्हणाले. निकाल उत्तम आहे. पण अटकेपासून तिथवर पोचायला सात वर्षांहून अधिक काळ गेला आणि 2013 मध्ये कानेको वारले. ती वर्षे त्यांना कोण परत देणार होते?

देश बदलला की निकालही बदलतो, हेही ध्यानात घ्यावे. कझाच्या बाजूने नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2003 मध्ये निर्णय कायम केला. त्याच कझाच्या नव्या मालकांविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयात न्यायमूर्ती विलकॉक्स यांनी सप्टेंबर 2005 मध्ये निकाल दिला. संकेतस्थळावर कॉपीराइटच्या सूचना होत्या, पण त्यांचा काडीचाही उपयोग होत नव्हता हे मालकांना ठाऊक होते, आणि शेजारीच ‘क्रांतीत सामील व्हा’ असे आवाहन झळकत होते, हे न्यायमूर्तींना अधिक वजनदार वाटले.

मुक्तस्रोत:

सर्वांचे मनापासून आभार. जोडणीकार यांचा शेवटचा मुद्दा वाचून आम्ही आमच्या जुन्या चर्चा पुन्हा चाळल्या. दोनचार थट्टेच्या ओळी आहेत, त्या आता काढून टाकाव्यात का? आणि फिल्टरचा प्रश्न अजून उरलाच आहे. आमच्या रचनेत फाइली दोन्ही टोकांना कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असतात, त्यामुळे फिल्टर बसवायचा म्हटला तरी कुठे बसवणार?

न्यायप्रविष्ट:

आधी फिल्टर. ग्रोकस्टर निकालपत्राची बारावी तळटीप तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे: हेतूचा दुसरा कोणताही पुरावा नसेल आणि साधनाचा भरीव कायदेशीर उपयोग होत असेल, तर केवळ हक्कभंग रोखण्याचे उपाय केले नाहीत एवढ्यावरून जबाबदारी लादता येणार नाही. म्हणजे फिल्टर नसणे हा स्वतंत्र दोष नाही, पण दुसरा पुरावा आला की ते त्याच्या पाठीशी उभे राहते. नियंत्रण हातात असलेल्यांची गोष्ट वेगळी. ओळख पटवून दिलेल्या गाण्यांपैकी 99.4 टक्के अडवणारे तंत्र आपण तयार केल्याचे नॅपस्टरने जिल्हा न्यायालयाला सांगितले होते, तरी तेवढे पुरेसे नाही असे उत्तर मिळाले. वापरकर्ते गायकांच्या नावांचे स्पेलिंग मुद्दाम बिघडवून फिल्टरला चकवत होते, हेही तेव्हा उघडच होते.

कूटबद्धतेविषयी जरा सांभाळून. एमस्टर या फाइल-शेअरिंग सेवेच्या खटल्यात सातव्या सर्किटचे न्यायाधीश पोस्नर यांनी 2003 मध्ये कूटबद्धतेची ढाल मान्य केली नाही, कारण जाणूनबुजून डोळे मिटणे हेही ठाऊक असण्यासारखेच आहे. मात्र ती सेवा कशी वापरावी हे शिकवणाऱ्या पाठात उदाहरण म्हणून दिलेल्या फाइलीच कॉपीराइट असलेल्या गाण्यांच्या होत्या, आणि कायदेशीर वापर होत असल्याचा पुरावा सेवेने दिलाच नव्हता. खासगीपणासाठी केलेली कूटबद्धता तेवढ्याने संशयास्पद ठरत नाही. तुमच्या दस्तऐवजात ती का आहे, हे आजच सरळ शब्दांत लिहून ठेवा. नमुन्याच्या फाइली म्हणून लिनक्स या मुक्त प्रणालीच्या इन्स्टॉल करायच्या फाइली किंवा स्वतः तयार केलेला मजकूर वापरा, आणि ‘अमुक चित्रपट उतरत नाही’ अशी तक्रार कोणी प्रकल्पाकडे केली तर त्या चित्रपटासाठी मदत करू नका. आयसोहंटच्या चालकाने वापरकर्त्यांना नेमकी अशीच मदत केली होती आणि ती त्याच्याविरुद्ध पुढे आली.

जुन्या ओळी मात्र काढू नका. खटल्याची चाहूल लागल्यानंतर पुरावा पुसणे हा वेगळाच आणि जास्त गंभीर मामला होतो, आणि सार्वजनिक चर्चेच्या प्रती कोणाकडे ना कोणाकडे असतातच. त्या जागेवरच राहू द्या आणि खाली प्रकल्पाची भूमिका तारखेसह नोंदवा. सॉफ्टवेअर प्रसिद्ध करण्यापूर्वी ज्या देशांतून ते वाटले जाणार आहे तिथल्या वकिलाला हा सगळा मजकूर एकदा दाखवा, कारण आडवळण यांनी दाखवलेला कझाचा फरक काल्पनिक नाही.