मदत हवी आहे: टेस्ट सगळ्या पास, तरी प्रोग्राम मंदावला. वेगावर लक्ष कसं ठेवायचं?

सूक्ष्मदर्शकातून आलेल्या प्रतिमांसाठी एक छोटी मुक्तस्रोत पायथन लायब्ररी आम्ही चौघं फावल्या वेळात सांभाळतो. गेल्या महिन्यात एका संशोधिकेनं इश्यू (तक्रार) टाकला: नवी आवृत्ती घेतल्यापासून रात्री लावलेलं काम सकाळपर्यंत संपत नाही, मेमरीही पुरत नाही. आमच्या ६०० हून जास्त टेस्ट आहेत. सगळ्या हिरव्या.

आधी गिट बायसेक्ट लावलं, म्हणजे कोडमधल्या जुन्या बदलांत (कमिटमध्ये) मागे जात बिघाड कुठे सुरू झाला ते शोधलं. कितीही मागे गेलो तरी प्रत्येक कमिट तितकाच मंद! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग लक्षात आलं की सगळे कमिट मी एकाच नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (बसवलेल्या लायब्रऱ्यांच्या संचात) चालवतोय आणि तिथे नमपाय २ आहे. नमपाय म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांवर (अ‍ॅरेंवर) गणित करणारी पायथन लायब्ररी. जुनं १.२६ टाकलं, वेग परत आला.

कारण एका ओळीत निघालं. प्रतिमा फ्लोट३२ मध्ये (प्रत्येक आकड्याला ४ बाइट) असते, तिला कॅलिब्रेशनच्या गुणांकानं गुणतो. तो गुणांक सरासरी काढून आलेला, म्हणजे नमपायचा फ्लोट६४ स्केलर (८ बाइटचा एकटा आकडा). पूर्वी अशा गुणाकारात अ‍ॅरेचा प्रकार टिकायचा. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० नं नियम बदलले आणि आता उत्तर फ्लोट६४ होतं. तिथे पायथनचा साधा २.५ असता तर काहीच बिघडलं नसतं. ४०९६ × ४०९६ ची प्रतिमा ६४ एमबीची १२८ एमबी झाली आणि पुढची प्रत्येक पायरी तेच ओझं वाहत राहिली. दोष नमपायचा नाही, बदल त्यांनी नीट लिहून जाहीर केला होता. तो वाचायचं आमच्याकडून राहिलं.

दुरुस्ती झाली. पण असं पुन्हा झालं तर वापरणाऱ्यांच्या आधी आम्हाला कळायला हवं. कोणाची तरी रात्रभराची मोजणी वाया जाते, हे मनाला लागतं. गिटहब अ‍ॅक्शन्सवर (तिथे गिटहबच्या मशीनवर टेस्ट आपोआप चालतात) वेळ मोजून पाहिला: तोच कोड एकदा ३.१ सेकंद, एकदा ४.४. मर्यादा सैल ठेवली तर काही सापडत नाही, घट्ट ठेवली तर रोज खोटा इशारा, आणि मग लाल खुणेकडे कोणी बघेनासं होतं. वेगळं मशीन परवडत नाही. तुम्ही लोक काय करता?

प्रतिसाद १

तुमची ही चूक पकडायला घड्याळाची गरजच नव्हती. टेस्टमध्ये वापरतात तो नमपायचा असर्ट-ऑलक्लोज किमती ताडतो, डीटाइप (आकड्यांचा प्रकार, फ्लोट३२ की फ्लोट६४) बघत नाही. नमपाय २ मध्ये त्याला स्ट्रिक्ट हा पर्याय आलाय. तो चालू केला की आकार आणि डीटाइप दोन्ही जुळावे लागतात. आधी ते करा.

टेस्टमधल्या प्रतिमा केवढ्या आहेत? आमच्या ६४ × ६४ च्या होत्या. फ्लोट३२ मध्ये १६ केबी. दुप्पट झाली तरी प्रोसेसरच्या कॅशमध्ये (छोट्या वेगवान मेमरीत) मावते, मग फरक दिसणार कुठून? एक तरी खऱ्या आकाराची ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिला पहारा मेमरीवर बसवा. वेळ हलतो, मेमरीचा उच्चांक फारसा हलत नाही. नमपायचे अ‍ॅरे ट्रेसमॅलॉकला (पायथनमधलं मेमरी मोजायचं साधन) दिसतात, तेव्हा टेस्ट चालवणाऱ्या साध्या पायटेस्टमध्ये हे जमतं. वेळ मोजायचाच तर कालच्या आकड्याशी ताडू नका. एकाच जॉबमध्ये मुख्य शाखा आणि नवा बदल आलटून पालटून चालवा, गुणोत्तर बघा. एएसव्ही या वेग मोजायच्या साधनातली कंटिन्युअस ही आज्ञा दोन कमिट असेच शेजारी ठेवून ताडते. नमपाय आणि सायपाय (वैज्ञानिक गणिताची लायब्ररी) यांचे बेंचमार्कही, म्हणजे वेगाच्या चाचण्याही, एएसव्हीवरच आहेत. नमपाय आतून वापरतं त्या ओपनब्लास या गणिताच्या लायब्ररीचे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) १ वर ठेवायला विसरू नका.

धागालेखक

मनापासून आभार. आमच्या प्रतिमा तर ३२ × ३२ च्या निघाल्या. स्ट्रिक्ट लावल्यावर २१ टेस्ट पडल्या. बऱ्याच ठिकाणी अपेक्षित उत्तरच आम्ही फ्लोट६४ मध्ये लिहिलं होतं, पण तीन फंक्शनं खरोखरच प्रकार बदलतायत आणि त्यांचा त्या गुणांकाशी काही संबंध नाही. आता त्यांच्या मागे लागतो. एक विचारायचं राहिलं: बेंचमार्क नमपायच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांवर चालवता की फक्त नव्या?