मदत हवी आहे: जुनं रिव्हॉल्व्हर, पहिलंच हत्यार

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनला राहतो. गेल्या आठवड्यात वापरलेलं स्मिथ अँड वेसन मॉडेल १० घेतलं: .३८ स्पेशल काडतुसाचं, सहा गोळ्यांचं, चार इंची नळी. अजून एकही गोळी झाडलेली नाही. गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत हे दोनदा बघूनच हात लावतो. हॅमर (मागचा घोडा) अगदी सावकाश मागे ओढला की पाच घरं फिरून नळीसमोर नीट अडकतात. सहावं केसभर आधी थांबतं, बोटाने ढकललं की ‘टक्’ करून बसतं. एजेक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली काजळीही बरीच साचली आहे. नुसती साफसफाई पुरेल, की आधी गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) दाखवू? मला तरी दाखवावंसंच वाटतंय. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून तिजोरी आधीच आणली. रेंजवर सोबत येऊन डबल ॲक्शनचा (एकाच ओढीत हॅमर मागे नेऊन सोडणारा) ट्रिगर कसा ओढायचा, हे शांतपणे शिकवणारं इथे कोणी आहे का?