पळताना बोन कंडक्शन हेडफोन: सुरक्षित की सुरक्षिततेचा भास?

रानवाट:
पहाटे रस्त्यावर पळणाऱ्यांच्या कानशिलावर हल्ली बोन कंडक्शन हेडफोन सर्रास दिसतात. "कानाला काहीतरी लावून पळतात, यांना गाडी कशी ऐकू येणार?" हा शेराही ठरलेला. माझं मत: रस्त्यावर काही ऐकायचंच असेल, तर हाच प्रकार बरा.

यात कानाचं भोक बंद होत नाही. कानापुढच्या गालाच्या हाडावर टेकलेला ट्रान्सड्यूसर (विजेच्या संकेताचा कंप करणारा भाग) थरथरतो आणि तो कंप कवटीतून कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या श्रवणेंद्रियात पोचतो. बाहेरचा आवाज नेहमीच्याच वाटेने येत राहतो. गाडी पुढून येतेय की मागून, हे कळायला कानाच्या पाळीचा आकार लागतो, आणि डावीकडून की उजवीकडून, हे कळायला दोन कानांत आवाज पोचण्यातला सूक्ष्म फरक लागतो. रबरी बोंड घातलं की हे गणित बिघडतं. इथे शाबूत राहतं. इअरबडचा ट्रान्स्परन्सी मोड हा त्याला पर्याय नाही. तिथे बाहेरचा आवाज माइकमधून येतो, वाऱ्यात फरफर होते आणि चार्जिंग संपलं की कानात नुसतं बूच उरतं.

ब्रिटनमध्ये वाहतूक पूर्ण बंद नसलेल्या रस्त्यावरच्या शर्यतीत साध्या हेडफोनला मनाई आहे, पण बोन कंडक्शनला मुभा आहे. तिथल्या ॲथलेटिक्सवाल्यांनी काही विचार केला असेलच ना?

खडूस सायकलवाला:
असहमत. ब्रिटनचं उदाहरण दिलंत, तर फ्रान्सचंही घ्या. तिथे जुलै २०१५ पासून आवाज काढणारं कुठलंही उपकरण कानाला लावून सायकल चालवली की १३५ युरो दंड. सूट फक्त श्रवणयंत्राला.

भोक उघडं राहतं, मान्य. पण शेवटी दोन्ही आवाज एकाच कॉक्लियात जातात. मोठा आवाज तिथे लहान आवाजाला झाकतोच. तो हाडातून आला की हवेतून, याच्याशी कॉक्लियाला देणंघेणं नाही. आणि भोक उघडं असल्याचा उलटा फटकाही बसतो. वाहत्या चौकात ७५-८० डेसिबलचा गोंगाट थेट आत येतो. त्यात पॉडकास्टमधलं बोलणं समजायचं, तर आवाज वर न्यावाच लागतो. चौक मागे पडला तरी तो खाली कोण आणतो?

त्यात आता ई-बस आणि ई-रिक्षा. इंजिनाचा आवाज नाही, कमी वेगात टायरचाही फारसा नाही. युरोपात नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना ताशी २० किमीपर्यंत मुद्दाम आवाज काढायची सक्ती आहे, ती उगीच नाही. ताशी ४० ने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. चाहूल लागून बाजूला व्हायला दीड सेकंद धरा, म्हणजे जवळपास १७ मीटर गेले. एवढ्या अंतरात मुलाखतीतलं एक वाक्यही पुरं होत नाही.

श्रवणवेडा:
झाकण्याबद्दल खडूस यांचं बरोबर आहे, त्यात एक भर. खालच्या पट्टीचे आवाज वरच्या पट्टीच्या आवाजांना जास्त झाकतात, उलट तितकं होत नाही. म्हणून ढोलकी-बेसवालं गाणं रस्त्यावर सगळ्यात वाईट: सायकलची घंटी आणि टायरची सरसर वरच्या पट्टीत असते, तीच आधी बुडते. इक्वलायझर असेल तर बेस कमी करा. बोन कंडक्शनमध्ये बेस तसाही अशक्त असतो आणि तो वाढवला की गालावर नुसत्या गुदगुल्या होतात.

दोन गैरसमज मात्र काढायला हवेत. "एकच बाजू टेकवतो, दुसरा कान मोकळा" हे बोन कंडक्शनमध्ये खरं नाही. डाव्या हाडावरचा कंप जवळपास तेवढ्याच जोराने उजव्या कॉक्लियातही पोचतो. हाडावरून श्रवणचाचणी करताना दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर सोडतात ती याचसाठी.

दुसरा: "पडद्याला धक्का नाही, म्हणजे कान खराब होत नाहीत." कान खराब होतो तो कॉक्लियातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशींना इजा झाल्यामुळे, आणि तिथे तर आवाज पोचतोच. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, ती इथेही विसरू नका. खरा फायदा आहे तो कान वाहणाऱ्यांना किंवा पडद्याला भोक असलेल्यांना. त्यांनी कानात बोंड घालूच नये.

पांढरी काठी:
चर्चा फक्त पळणाऱ्यांचीच चाललीय. दृष्टिहीन माणूस फोनवरच्या सूचना ऐकत चालतो, तेव्हा काठीच्या टोकाचा आवाज आणि भिंतीवरून येणारा त्याचा पडसाद हीच त्याची वाट. त्याला कान बंद करणारं काहीही चालत नाही. फ्रान्ससारखी सरसकट बंदी पायी चालणाऱ्यांनाही लावा म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

पण इथेही शिस्त लागते. "५० मीटरवर डावीकडे" ही तुटक सूचना वेगळी आणि अखंड बडबड वेगळी. रस्ता ओलांडताना सगळं बंद. ब्लूटूथची एक खोडही माहीत असू द्या: बराच वेळ शांतता गेली की हेडफोन झोपतो आणि पुढच्या सूचनेचा पहिला शब्द गिळतो. "डावीकडे"तलं "डा" गेलं, तर उरलं काय?

रानवाट:
खडूस, आवाज चढत जातो हे खरं, पण तो दोष वापराचा. पातळी घरात ठरवू नका. जिथे पळायचं त्याच रस्त्याच्या कडेला उभे राहा. सोबत्याने ३ मीटर मागून नेहमीच्या आवाजात दोन अंकी आकडे सांगायचे. पाचच्या पाच बरोबर ओळखता आले पाहिजेत. "कुणीतरी काहीतरी बोललं" एवढं पुरत नाही. ती पातळी ठरली की रस्त्यावर वाढवायची नाही. त्या आवाजात पॉडकास्ट कळत नसेल, तर तो रस्ता पॉडकास्टचा नाही.

बसवण्यातही चुका होतात आणि मग आवाज विनाकारण वाढवला जातो. पॅड कानाच्या भोकापुढच्या कुर्चेच्या उंचवट्याच्या जरा पुढे, हाडावर हवं. जबड्याच्या सांध्यावर बसलं तर बोलताना आवाज कमीजास्त होतो. मध्ये केस किंवा हेल्मेटचा पट्टा नको. थंडीत वरून कानटोपी ओढलीत तर सगळंच मुसळ केरात: बाहेरचं कमी ऐकू येतं आणि भोक झाकल्यामुळे हाडातला बेस फुगतो.

घामाचं थोडक्यात: आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असलं तरी पळून आल्यावर साध्या पाण्याने पुसा आणि पुरतं वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. मिठाचं पाणी आणि वीज एकत्र आली की चार्जिंगचे टोक गंजतात.

खडूस सायकलवाला:
आकड्यांची चाचणी आवडली. पण ती उभ्याने झाली. सायकलवर ताशी २५ च्या पुढे वारा कानात घोंघावतो, तिथे ३ मीटरवरचं बोलणं हेडफोन नसतानाही नीट कळत नाही. मोटरसायकलवर फुल-फेस हेल्मेटमध्ये तर गालाची गादीच पॅडवर दाबते, विषय संपला. म्हणून माझ्याकडून पळणाऱ्यांना सशर्त होकार, चाकावरच्यांना नकार. आणि चौकात पॉज करणं हेही कागदावरच राहतं. फोन खिशात, हात घामेजलेले. कोण थांबून बंद करणार?

रानवाट:
फोन काढायची गरजच नाही. बऱ्याच मॉडेलांत डाव्या पॅडच्या बाहेरच्या अंगाला बटण असतं, एकदा दाबलं की पॉज. चौकाच्या २० पावलं आधी दाबायचं, पलीकडे फुटपाथवर चढलं की पुन्हा. चाकांबद्दल मात्र हरकत नाही. घाटउतारावर मीही नकोच म्हणेन. सपाट सायकल ट्रॅकवर, गाड्यांपासून वेगळं असताना, अजूनही हो.