'टेक ऑफ'ला एकच स्पॅनिश शब्द पुरत नाही

इंग्रजी 'टेक ऑफ'साठी स्पॅनिशमध्ये सरसकट 'देस्पेगार' हे क्रियापद वापरा, असा सल्ला दिला गेलाय. विमानाला आणि जोर धरणाऱ्या धंद्याला ते चालतं (मूळ अर्थ चिकटलेलं सुटणं, म्हणून फार चपखल). बूट काढायचे असतील तर मात्र 'कितार्से' हवं. तिथे हमखास होणारी चूक म्हणजे 'माझे' घालणं. 'मे कीतो लोस सापातोस' (मी बूट काढतो) एवढंच पुरे, बूट कोणाचे ते 'मे' (मला, स्वतःला) सांगतं. एक दिवस सुट्टी घेणं म्हणजे 'तोमार्से ऊन दिया लिब्रे'. त्यामुळे आधी कर्ता-कर्म बघा, मग क्रियापद निवडा.

'पिक अप'ला जास्त जपा. मुलांना शाळेतून आणणं 'रेकोखेर', फोन उचलणं 'कोन्तेस्तार'. स्पेनमधलं रोजचं 'कोखेर' (घेणं, उचलणं) मेक्सिको, अर्जेंटिनात अश्लील ठरतं. तिथल्या वाचकांसाठी ते टाळाच.